विमानाचं तिकीट स्वस्त पडतं, वरचे आकार महागात पडतात : तुम्ही ते कसे टाळता?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी.

बहिणीच्या बाळंतपणासाठी गेल्या महिन्यात आई-बाबा पुण्याहून बंगळुरूला गेले. आईचं तिकीट मी आधीच काढून ठेवलं होतं. बाबांचं जायचं नंतर ठरलं, म्हणून त्यांचं चार दिवसांनी वेगळं काढलं. विमान तेच, भाडंही तेच, प्रत्येकी ४,१५० रुपये. स्वस्तात मिळालं म्हणून मी खूश होतो.

आईच्या बॅगेत काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, अळीव, बाळंतशेपा, ओवा, घरचं तूप, जुन्या सुती साड्यांची दुपटी, बहिणीसाठी दोन गाऊन आणि निघता निघता शेजारच्या काकूंनी आणून दिलेली गोधडी. विमानतळावर काट्यावर आकडा आला २१. माणशी १५ किलो चालतं. म्हणजे ६ किलो जास्त, किलोला ६०० प्रमाणे ३,६०० रुपये. बाबांची बॅग भरली ९ किलो. दोघांचं मिळून बरोबर ३०, जेवढं चालतं तेवढंच. पण तिकिटं वेगळी, पीएनआर (म्हणजे आरक्षणाचा क्रमांक) वेगळे, त्यामुळे वजन एकत्र धरता येणार नाही असं काउंटरवर सांगितलं. लाडवांचा डबा आणि गोधडी तिथल्या तिथे बाबांच्या बॅगेत टाकली असती तर एक रुपया लागला नसता. ते त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्या घाईत त्यांना सुचलंही नाही. मागे रांग होती, आई गोंधळून गेली होती, बाबांनी कार्ड पुढे केलं.

रात्री आईचा फोन आला. बाळाचं सगळं सांगून झाल्यावर हळूच म्हणाली, "अरे, तेवढ्यात इथेच लाडू करून घेता आले असते ना रे." मला फार लागलं ते.

मग दोन्ही तिकिटांच्या पावत्या काढून बसलो. सुविधा शुल्क (ऑनलाइन तिकीट काढण्याचं) ३९९ प्रमाणे ७९८. विमा १९९ प्रमाणे ३९८, हा मी मागितलाच नव्हता, त्या चौकटीत खूण आधीपासून केलेली होती. जागा निवडायचे ३५० प्रमाणे ७००, कारण जागेचे पैसे भरावेच लागतात अशी माझी समजूत होती. सामानाचे धरून एकूण ५,४९६ रुपये. तेही ८,३०० च्या तिकिटांवर.

आता पुढच्या महिन्यात मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघं बाळाला बघायला जाणार आहोत. येताना आई-बाबाही बरोबर असतील. या वेळी तरी असे पैसे जाऊ नयेत. सामान, जागा, खाणं, तिकीट रद्द करणं, यातलं जे माहीत असेल ते कृपया सविस्तर लिहा. माझ्यासारखे बरेच जण असतील.

वजनकाटा

आईंचं वाचून वाईट वाटलं. मी नमुन्यांच्या पेट्या घेऊन महिन्यातून दोनदा विमानाने फिरतो, त्यामुळे सामानाबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट, वजन घरीच करायचं. हाताने धरून बॅग लटकवायचा छोटा काटा तीन-चारशे रुपयांत मिळतो, वर्षानुवर्षं टिकतो. तो नसेल तर माणसाच्या वजनाच्या काट्यावर आधी आपण उभं राहायचं, मग बॅग उचलून उभं राहायचं, वजाबाकी करायची. १५ ची मर्यादा असेल तर घरी १४.५ वर थांबा. काट्याकाट्यात थोडा फरक पडतो.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही, ती म्हणजे रिकाम्या बॅगेचं वजन. कडक कवचाच्या मोठ्या चाकाच्या बॅगा रिकाम्याच चार-साडेचार किलो भरतात. १५ किलोतले साडेचार तिथेच गेले, हातात उरले साडेदहा. मी गेली काही वर्षं जाड कापडाची, दोन चाकांची बॅग वापरतो, ती दोन किलोच्या आत आहे. अडीच किलो सामान जास्त मावतं, फुकट. देशातल्या प्रवासाला मोठी कडक बॅग घेऊच नये असं माझं ठाम मत आहे.

तिसरी, जड वस्तू बॅगेच्या तळाशी भरू नका. ज्या हलवाव्या लागतील त्या एका वेगळ्या कापडी पिशवीत घालून अगदी वर ठेवा. काउंटरवर वजन जास्त निघालं तर चेन उघडायची, पिशवी उचलायची, दुसऱ्या बॅगेत टाकायची. अर्ध्या मिनिटाचं काम. "दोन मिनिटं द्या, सामान हलवतो" म्हटलं की आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. बाजूला होऊन करा, रांगेतल्यांनाही त्रास नाही.

चौथी, वजन जास्त होणारच आहे असं आधी कळलं तर वाढीव वजन घरून, तिकिटाबरोबर किंवा नंतर संकेतस्थळावरून विकत घ्या. ३, ५, १० किलो असे टप्पे असतात आणि काउंटरवरच्या दरापेक्षा ते स्वस्त पडतात. काउंटर ही सगळ्यात महाग जागा आहे.

हा दर एवढा का, तेही सांगतो. २०१६ साली डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, ठरवलं होतं की १५ च्या पुढे २० किलोपर्यंत किलोला १०० रुपयांच्या वर घ्यायचे नाहीत. विमान कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. तेव्हापासून कंपन्यांना हात मोकळा आहे. मला अजूनही वाटतं की ती मर्यादा राहायला हवी होती. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसालाच हा भुर्दंड बसतो, रोज फिरणाऱ्याला नाही.

गोदाकाठी

रिकाम्या बॅगेचं वजन! आमच्या घरी आत्ताच करून पाहिलं. लग्नात आलेली मोठी बॅग ५ किलो १०० ग्रॅम. माळ्यावर गेली ती.

उंबरठा

मुळाकाठ, जागेबद्दल मी लिहिते.

जागा निवडण्याचे पैसे भरणं सक्तीचं नाही. डीजीसीएने कंपन्यांना काही सेवा तिकिटापासून वेगळ्या काढून त्यांचे वेगळे पैसे घ्यायची मुभा दिली आहे. पसंतीची जागा, खाणंपिणं, लाउंज, चेक-इनचं (काउंटरवर द्यायचं) सामान, खेळाचं साहित्य, वाद्यं वगैरे. पण अट अशी आहे की प्रवाशाने स्वतःहून मागितलं तरच पैसे घ्यायचे. आपोआप जोडून मग "नको असेल तर काढा" असं चालत नाही. पिण्याचं पाणी या यादीतून मुद्दाम वगळलेलं आहे, ते विमानात फुकटच द्यावं लागतं.

प्रत्यक्षात काय होतं, तर वेब चेक-इन (घरूनच संकेतस्थळावर बोर्डिंग पास काढणं) करताना विमानाचा नकाशा उघडतो, त्यात जिकडे तिकडे २००, ३५०, ६०० असे आकडे. फुकटच्या जागा असल्याच तर मागच्या बाजूला, मधल्या. आणि "जागा न निवडता पुढे जा" हे कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरात. ते शोधायचं. बहुतेक कंपन्यांचं देशांतर्गत वेब चेक-इन ४८ तास आधी सुरू होतं. मी फोनला गजर लावते आणि सुरू झाल्या झाल्या करून टाकते, तेव्हा फुकटच्या जागा जास्त असतात. जागा न निवडताही बोर्डिंग पास मिळतो, मग मिळेल ती जागा. दीड तासाच्या प्रवासाला मला ती चालते.

पैसे न भरता पुढे जाताच येत नसेल तर तिथेच थांबा आणि सरळ काउंटरवर जा. बोर्डिंग पास काउंटरवर काढून घेतला म्हणून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, असं विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना स्पष्ट कळवलं आहे. त्याआधी २०० रुपये घेत असत.

आणि तुमच्या लेकीसाठी महत्त्वाचं. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यायची, असं डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे "मुलगी एकटी बसेल" या भीतीने जागा विकत घेऊ नका. फक्त तिचं तिकीट तुमच्याच पीएनआरवर असू द्या. मी माझ्या मुलाच्या वेळी काउंटरवर हाच नियम सांगितला होता, शांतपणे. त्यांनी संगणकात पाहिलं आणि दोन मिनिटांत जागा बदलून दिल्या.

सांजवेळ

उंबरठाताई, माहिती उत्तम, पण एका मुद्द्यावर मी वेगळं म्हणेन. सगळेच आकार वाचवायच्या मागे लागू नये. माझ्या वडिलांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यांना मधल्या जागेवर बसवलं तर उठता येत नाही आणि बाथरूमला जायचं म्हणून शेजाऱ्याला उठवायचा त्यांना संकोच वाटतो. मग ते सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यांच्यासाठी मी दर वेळी कडेची जागा पैसे भरून घेतो. ते पैसे मला कधी जड वाटले नाहीत.

मात्र जे फुकट आहे ते फुकटच घ्या. चालायला त्रास असलेल्यांना चाकाची खुर्ची आणि बरोबर माणूस, याचे पैसे नसतात. तिकीट काढतानाच नोंदवा, नाहीतर निदान ४८ तास आधी कळवा. सासूबाईंना गरज असेल तर लक्षात असू द्या. गरज नसताना मात्र मागू नका. खुर्च्या आणि माणसं मोजकी असतात आणि ज्याला खरंच चालता येत नाही तो ताटकळत बसतो, हे मी वडिलांबरोबर डोळ्यांनी पाहिलं आहे.

उंबरठा

सांजवेळ, पटलं. मीही वडीलधाऱ्यांसाठी हेच करेन.

मुळाकाठ

किती माहिती! मनापासून आभार. सासूबाई व्यवस्थित चालतात, खुर्ची नको. एक विचारतो, सहाही जणांचं परतीचं तिकीट एकाच पीएनआरवर काढलं तर ९० किलो एकत्र धरतील ना? मग एका बॅगेत २५ आणि दुसरीत ५ असं चालेल?

वजनकाटा

साधारणपणे एकाच पीएनआरवरचं वजन एकत्र धरतात, पण दोन गोष्टी बघा. कुठलीही एक बॅग ३२ किलोच्या वर घेत नाहीत, ती उचलणाऱ्या कामगारांसाठी ठेवलेली मर्यादा आहे. आणि काही कंपन्यांत माणशी १५ किलो म्हणजे एकच नग. १५ किलोतच बसणाऱ्या दोन छोट्या बॅगा केल्या तर दुसऱ्या नगाचे वेगळे पैसे मागतात. म्हणून पिशव्या, खोकी, बोचकी अशी संख्या वाढवू नका. सहा माणसं, जास्तीत जास्त सहा नग.

एकत्र पीएनआरचा एक तोटा पण सांगून ठेवतो. ऐनवेळी एकाचंच जाणं रद्द झालं तर कंपनीला सांगून पीएनआर फोडून घ्यावा लागतो. घाबरण्यासारखं काही नाही, पण सगळ्यांचं तिकीट रद्द होऊ नये एवढं बघायचं.

कायदेपान

मुळाकाठ, तुमच्या त्या विम्याबद्दल. आधीच खूण केलेली चौकट हा नुसता वाईट रिवाज नाही, तो नियमाविरुद्ध आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात अशा १३ फसव्या पद्धती दिल्या आहेत. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं हा त्यातलाच एक प्रकार. दुसरा म्हणजे आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर ती वाढवत नेणं. तिसरा, ग्राहकाला नाही म्हणताना लाज किंवा भीती वाटावी अशी वाक्यं घालणं. याचं उदाहरणच त्यांनी विमान तिकिटाचं दिलंय, विमा नको म्हणणाऱ्यापुढे "मी असुरक्षित राहीन" अशा अर्थाचं वाक्य ठेवायचं. तुमच्याकडे त्या पानाचं चित्र असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. विमान कंपनीविरुद्धच्या तक्रारीसाठी मंत्रालयाचं 'एअरसेवा' आहे. तिथे तक्रार क्रमांक मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं.

आता रद्द करण्याबद्दल, कारण खरा मोठा पैसा तिथे जातो.

तिकीट कंपनीकडून थेट काढलं असेल आणि प्रवास निदान ७ दिवस पुढे असेल, तर पहिल्या ४८ तासांत रद्द केलं किंवा बदललं तरी दंड नाही. (बदलताना भाड्यातला फरक मात्र भरावा लागतो.) म्हणून तिकीट काढल्यावर त्याच रात्री नाव, तारीख, वेळ पुन्हा एकदा वाचायची. रात्री १२.३० चं विमान म्हणजे नेमकी कुठली तारीख, यात फार लोक चुकतात. नावाच्या स्पेलिंगमध्ये तीन अक्षरांपर्यंतची चूक २४ तासांत दाखवली तर दुरुस्तीचे पैसे घ्यायचे नाहीत, हे सरकारच्या प्रवासी सनदेत (हक्कांच्या यादीत) आहे.

रद्द केल्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याच्या वर जाऊ शकत नाही. आणि हे बहुतेकांना माहीत नसतं की तुम्ही विमानाला गेलाच नाहीत, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' (भाडं परत न मिळणारं) असलं, तरीही विमानतळाच्या वापराचं शुल्क वगैरे भाग परत मिळतो. कारण तुम्ही विमानतळ वापरलाच नाही. फक्त तो मागावा लागतो. दोन वर्षांपूर्वी माझी मुंबई-कोलकाता फेरी चुकली. घाटातल्या कोंडीत अडकलो होतो. भाडं गेलं ते गेलं, पण कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज केला आणि नऊशेच्या वर रुपये कार्डावर परत आले. मागितले नसते तर कुणी आणून दिले नसते. परतावा पैशात घ्यायचा की पुढच्या प्रवासासाठी त्यांच्याकडे जमा ठेवायचा, हे तुम्ही ठरवायचं. ते परस्पर ठरवू शकत नाहीत.

सुविधा शुल्क मात्र परत येत नाही. ते माणशी आणि जाण्या-येण्याचं वेगवेगळं लागतं. तुमच्या चौघांचं जातानाचं आणि सहांचं येतानाचं म्हणजे दहा वेळा. त्यामुळे पैसे भरायच्या पानावर यूपीआय, नेट बँकिंग, कार्ड असा प्रत्येक पर्याय एकदा निवडून एकूण रक्कम बघा, कधी कधी फरक पडतो. मी एजंट अॅपवर फक्त वेळा आणि दर बघतो आणि तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढतो. काही बिनसलं तर मध्ये तिसरा कुणी नको.

हॉस्टेलवाली

मी दिल्लीत शिकते. कुणी सांगितलं नाही म्हणून पहिली दोन वर्षं मी साधं तिकीट काढत होते! काही कंपन्या विद्यार्थ्यांना भाड्यात थोडी सूट देतात आणि वर १० किलो सामान जास्त नेऊ देतात. तिकीट शोधतानाच 'विद्यार्थी' निवडायचं, नंतर जोडून मिळत नाही. काउंटरवर कॉलेजचं ओळखपत्र दाखवावं लागतं, विसरलात तर फरक भरावा लागतो. ज्येष्ठ नागरिक आणि सैन्यदलातल्यांसाठीही तसे पर्याय असतात. पण दरवेळी साध्या भाड्याशी ताडून बघा. सवलतीच्या नेहमीच्या दरांपेक्षा कधी कधी सेलमधलं साधं तिकीट स्वस्त असतं.

पुस्तकं मी आता विमानाने नेतच नाही. टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा १ मे २०२५ पासून सुरू झाली आहे. अभ्यासाची, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं त्यातून पाठवता येतात. ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून ५ किलोला १०० रुपयांपर्यंत, अधिक कर. काउंटरवर ५ किलोचे तीन हजार गेले असते.

म्युनिकवासी

परदेशातून येणाऱ्यांसाठी एक मोठा खड्डा, ज्यात मी स्वतः पडलो.

म्युनिकहून मुंबईला २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन आलो आणि पुढचं मुंबई-नागपूर तिकीट स्वस्त दिसलं म्हणून वेगळं काढलं होतं. पुढच्या कंपनीच्या लेखी मी देशातला साधा प्रवासी, १५ किलोवाला. ४६ मधले ३१ किलो जादा. त्या पैशांत आणखी दोन तिकिटं आली असती. एकाच तिकिटावर शेवटपर्यंतचा प्रवास असेल तर परदेशी प्रवासाची सामान मर्यादा पुढच्या देशांतर्गत टप्प्यालाही लागू होते. त्यामुळे नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूरला जाणाऱ्यांनी मुंबईपर्यंतचं तिकीट आणि पुढचं तिकीट यांची नुसती भाड्यावर तुलना करू नये. वेगळंच काढायचं असेल तर देशांतर्गत कंपनीला आधी विचारा. परदेशातून जोडून येणाऱ्यांना वाढीव वजन सवलतीत देणाऱ्या काही योजना आहेत. नाहीतर रेल्वे. आता मी मुंबईत एक रात्र भावाकडे थांबतो आणि रेल्वेने जातो.

युरोपात फिरायला येणाऱ्यांनी इथल्या स्वस्त कंपन्यांपासून फार जपून राहावं. भारतात ७ किलोची केबिन बॅग गृहीत असते. इथे ती नसते. रायनएअर या स्वस्त कंपनीच्या साध्या तिकिटात ४० × ३० × २० सेंटिमीटरची एक पिशवी, समोरच्या सीटखाली मावेल एवढीच. चाकाची केबिन बॅग घेऊन दारापर्यंत गेलात तर ७५ युरोपर्यंत भरावे लागू शकतात. ऑनलाइन चेक-इन न करता विमानतळावर गेलात तर ५५ युरो. आई-वडिलांना इटली दाखवायला नेलं तेव्हा मी घरीच टेप घेऊन पिशव्या मोजल्या होत्या. स्पेनने या हातातल्या सामानाच्या वसुलीवरून नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरो दंड केला. कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं आहे. निकाल काय लागायचा तो लागो, तोवर टेप जवळ ठेवा.

आणि भारतीय कार्डाने युरोत पैसे भरताना "रुपयांत भरा" असा पर्याय येतो, तो घेऊ नका. त्यांचा दर वाईट असतो. युरोतच भरा, शक्य तर परकीय चलनाचा अधिभार न लावणाऱ्या कार्डाने. साध्या कार्डावर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

देवगडकर

बाळंतपणाचं सामान म्हटलंत म्हणून सांगतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत घालू नका. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून २०२२ पासून मनाई आहे. आमच्या वहिनींची बॅग त्यासाठी उघडायला लावली आणि वाट्या तिथेच टाकाव्या लागल्या. लाडवात किसून, भाजून घातलेलं खोबरं वेगळं, लाडू खुशाल न्या. तूप आणि लोणचं चेक-इनमध्ये, हातातल्या बॅगेत नको. पॉवर बँक मात्र बरोबर उलट, ती हातातल्या बॅगेतच. या चुकांचा दंड नसतो, पण वस्तू जाते आणि ऐनवेळी सामान हलवताना वजन बिघडतं.

आंब्याची दोन डझनांची पुठ्ठ्याची पेटी सहा-सात किलोची होते, म्हणजे १५ मधले जवळजवळ निम्मे. आणि ती वेगळा नग धरली जाऊ शकते, वजनकाटा म्हणाले तसं. मी पेटी नेत नाही. आंबे वर्तमानपत्रात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध बॅगेतच भरतो. थोडे कच्चे बघून घ्यायचे. आजवर एकही दबला नाही.

गोदाकाठी

खाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. घरचा डबा विमानात चालतो. पोळी-भाजी, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, काहीही कोरडं. पाण्याची बाटली रिकामी न्यायची आणि सुरक्षा तपासणीच्या पलीकडे नळावर भरून घ्यायची. विमानतळावर चहाला दोनशे रुपये देववत नाहीत. कोलकात्याला डिसेंबर २०२४ मध्ये 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला, तिथे चहा १० रुपये आणि समोसा २० रुपये. असे प्रत्येक विमानतळावर हवेत.

सांजवेळ

अजून एक. हल्ली चेक-इन सामानाशिवायची 'लाइट' भाडी निघाली आहेत. यादीत ती सगळ्यात वर दिसतात. हातात ७ किलोची एकच बॅग असेल तर जरूर घ्या, पण सामान आहे हे माहीत असताना दोन-चारशे रुपयांसाठी घेऊ नका. मित्राने चौघांची अशी तिकिटं काढली, वाचलं नव्हतं, आणि वाचले त्याच्या कितीतरी पट विमानतळावर गेले.

मुळाकाठ

मंडळी, काल रात्री परत आलो, म्हणून धागा वर काढतोय.

तिकिटं कंपनीच्या संकेतस्थळावरून काढली, परतीची सहाही एकाच पीएनआरवर. विम्याची चौकट इथे कोरीच होती. जागा निवडल्या नाहीत. जाताना मुलगी बायकोच्या शेजारी आली, मी पाच रांगा मागे आणि सासूबाई माझ्या पुढच्या रांगेत. परतीला मात्र बाबांसाठी कडेची जागा पैसे भरून घेतली. सांजवेळ, तुमचं वाचून मी बाबांना विचारलं, तर ते जाताना खिडकीशी बसून पूर्ण वेळ अवघडले होते. आम्हाला बोललेही नव्हते. सुविधा शुल्क मात्र भरावंच लागलं, त्यातून वाट सापडली नाही.

आदल्या रात्री बहिणीकडे लटकवायचा काटा काढला. आईला तो इतका आवडला की तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक बॅगेचं वजन करून कागदाच्या पट्टीवर लिहिलं आणि ती पट्टी चिकटपट्टीने मुठीला लावली. १४.२, १३.८, १४.६, ११, ९.४. पाचच नग झाले. लाडवांचा रिकामा डबा ११ वालीत, त्यात म्हैसूरपाक. गोधडी तिकडेच राहिली, बाळाला तिच्याशिवाय झोप येत नाही.

काउंटरवर बॅगा एकेक करून काट्यावर चढत होत्या आणि आई शेजारी उभी राहून पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचत होती. तिसऱ्या बॅगेला काट्यावर १४.७ आलं. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "काकू, फक्त शंभर ग्रॅम चुकलं." आईने पेन काढून पट्टीवर दुरुस्त केलं.